किती लिटरचा बॉक्स? सबवूफरच्या बॉक्सबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळी गाडीतल्या सबवूफरच्या, म्हणजे फक्त खोल बेस वाजवणाऱ्या स्पीकरच्या, बॉक्सबद्दल इतकी पत्रं आलीत की बाकी सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आणि अख्खा कॉलम बॉक्सलाच दिला. चांगलंच आहे, कारण लोक वूफर निवडताना महिनाभर डोकं खातात, ॲम्पच्या वॅटवरून वाद घालतात आणि बॉक्स मात्र "जो तयार मिळाला तो" घेऊन मोकळे होतात. पण अर्धा आवाज त्या बॉक्सचा असतो.

प्रश्न: दादा, १२ इंची सबवूफर घेतलाय. एक मित्र म्हणतो १ क्युबिक फुटाचा सील्ड, म्हणजे पूर्ण बंद, बॉक्स पुरे, दुसरा म्हणतो २ च्या खाली जाऊच नको. १२ इंचीला नेमका केवढा बॉक्स लागतो?

नुसतं "१२ इंची" ऐकून हे कोणालाच सांगता येणार नाही. दोन्ही मित्र आपापल्या वूफरपुरते बरोबर असतील, तुमच्या वूफरचं त्यांना माहीतच नाही. इंच हे फक्त वूफरच्या तोंडाचं माप झालं. बॉक्स ठरतो तो वूफरच्या स्वभावावरून, आणि तो स्वभाव सोबत आलेल्या कागदावर तीन आकड्यांत लिहिलेला असतो: एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस. या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर्स म्हणतात. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये पोर्टेड, म्हणजे हवेसाठी उघडा पाइप (पोर्ट) ठेवलेल्या, बॉक्सचं गणित मांडलं आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं, तेव्हापासून जगभर बॉक्स याच आकड्यांवर बनतात.

एफएस म्हणजे मोकळ्या हवेत कोन (वूफरचा पुढेमागे हलणारा पडदा) आपणहून ज्या फ्रीक्वेन्सीला झुलतो ती. क्यूटीएस म्हणजे त्या झुलण्यावर वूफरचा स्वतःचा ब्रेक किती, आकडा जितका कमी तितका ब्रेक जास्त. आणि व्हीएएस म्हणजे वूफरच्या सस्पेन्शनमध्ये (कोनला धरून ठेवणाऱ्या लवचीक भागांत) जेवढा ताण आहे तेवढाच ताण किती लिटर हवेत असतो ते. सील्ड बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी वागते, सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला की तो कसा परत उसळतो अगदी तसं, आणि बॉक्स जितका लहान तितकी ही स्प्रिंग कडक.

आता हिशोब. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा आणि क्यूटीएसने गुणा. जो आकडा येईल तो क्यूटीसी, म्हणजे वूफर आणि बॉक्स मिळून होणारा स्वभाव. ०.७ च्या आसपास आला तर बेस सपाट आणि साफ. १ च्या जवळ गेला तर वरच्या बेसला थोडा फुगवटा येतो, ढमढम जास्त आणि खोली कमी. ०.५ कडे गेला तर एकदम कोरडा, घट्ट आवाज, काहींना तो "बेसच नाही" असा वाटतो.

उदाहरण घेऊ. एका १२ इंचीचा क्यूटीएस ०.४८ आणि व्हीएएस ६० लिटर आहे, त्याला ०.७ साठी साधारण ५१ लिटर लागतात. दुसऱ्या १२ इंचीचा क्यूटीएस ०.४० आणि व्हीएएस ४० लिटर, त्याला १९ लिटरमध्येच तोच ०.७ मिळतो. दोन्ही १२ इंचीच, भोकही तेवढंच, पण एकाला दुसऱ्याच्या अडीचपटीहून जास्त बॉक्स हवा! १ क्युबिक फूट म्हणजे २८.३ लिटर, त्यामुळे तुमच्या पहिल्या मित्राचा बॉक्स दुसऱ्या वूफरला ऐसपैस होईल, आणि पहिल्या वूफरला त्याच बॉक्समध्ये क्यूटीसी ०.८५ येईल, जे वाईट नाही पण फरक कळतो.

गणिताचा कंटाळा असेल तर कंपनीच्या कागदावर सील्ड आणि पोर्टेडसाठी सुचवलेले लिटर दिलेले असतात, ते डोळे झाकून घ्या. फक्त एक नीट वाचा, त्या आकड्यात वूफरने स्वतः व्यापलेली जागा धरलीय की वेगळी वजा करायचीय ते.

प्रश्न: मी सीटच्या मागे टेकणारा तिरका बॉक्स करून घेतला. रुंदी ८० सेंटीमीटर, उंची ३८, वरची खोली २५, खालची ३५. हिशोबाने ९१ लिटर होतात आणि माझ्या वूफरला पोर्टेडमध्ये ७५ हवेत, म्हणजे उलट जास्तच आहे. तरी बेस खोल जात नाही, नुसता धडधडतो. वूफर खराब आहे का?

वूफरला दोष देऊ नका, तुमच्याकडे ९१ लिटर नाहीतच. तुम्ही दिलेली मापं बाहेरची आहेत ना? वूफरला बाहेरच्या मापाचं काही देणंघेणं नाही, त्याला आतली हवा लागते.

बोर्ड १८ मिलीमीटरचा धरू. मग आतली रुंदी ७६.४ राहिली, उंची ३४.४, आणि वरची-खालची खोली २१.४ आणि ३१.४, म्हणजे सरासरी २६.४. तिरक्या बॉक्समध्ये खोली अशीच घ्यायची, वरची अधिक खालची भागिले दोन. तिन्हींचा गुणाकार केला आणि १००० ने भागला की आले ६९ लिटर. नुसत्या लाकडाने २२ लिटर खाल्ले. अजून संपलं नाही, १२ इंची वूफरचं मॅग्नेट आणि बास्केट (सांगाडा) साधारण ३ ते ४ लिटर घेतं, आतल्या आधाराच्या पट्ट्या दीडेक लिटर, आणि पोर्टचा पाइप पूर्ण आत असेल तर तोही ३-४ लिटर. उरले ६१ च्या आसपास. ७५ हवे होते!

आता धडधडतो का ते बघा. पोर्टचा पाइप तुम्ही ७५ लिटर धरून कापला असणार, समजा ३३ हर्ट्झला ट्यून व्हावा, म्हणजे पोर्टमधली हवा त्या फ्रीक्वेन्सीला सगळ्यात जोरात घुमावी, म्हणून. बॉक्स लहान झाला की तोच पाइप वर ट्यून होतो, ६१ लिटरमध्ये ३६-३७ हर्ट्झला. खालचे सूर गेले, वरचे फुगले, आणि तुम्हाला ऐकू येतंय ते हेच. बॉक्स फोडायची गरज नाही, पाइप थोडा लांब करा म्हणजे ट्यूनिंग परत खाली येईल. लांब पाइप अजून थोडी जागा खाईल तेही धरा, आणि पाइपचं आतलं टोक आणि समोरची भिंत यात निदान पाइपच्या व्यासाएवढं अंतर सोडा, नाहीतर हवा गुदमरते.

पुढच्या वेळी उलटीकडून सुरुवात करा. आधी हवे ते निव्वळ लिटर लिहा, त्यात वूफर, पाइप, पट्ट्या मिळवा, मग आतली मापं काढा आणि सगळ्यात शेवटी लाकडाची जाडी. समोरचा बोर्ड डबल लावणार असाल, जो जड वूफरला लावावाच असं माझं मत आहे, तर तिथे १८ नाही ३६ मिलीमीटर धरा.

प्रश्न: सील्ड की पोर्टेड? सगळे म्हणतात पोर्टेडमध्ये दणका जास्त. मला सगळ्या प्रकारची गाणी ऐकायची आहेत.

दणका जास्त हे खरं आहे. ट्यूनिंगच्या आसपास पोर्टमधूनही आवाज येतो आणि कोन उलट कमी हलतो, त्यामुळे तेवढ्याच वॅटमध्ये जास्त आवाज मिळतो. पण त्याची किंमत मोजावी लागते आणि ती कोणी आधी सांगत नाही.

पहिली किंमत जागा. तोच वूफर पोर्टेडमध्ये बहुतेक वेळा सील्डच्या दीडपट ते दुप्पट लिटर मागतो.

दुसरी, ट्यूनिंगच्या खाली पोर्टेड बॉक्समध्ये हवेची स्प्रिंगच उरत नाही, पोर्ट उघडा असल्यामुळे कोन मोकाट सुटतो. ३४ हर्ट्झला ट्यून केलेल्या बॉक्सला २० हर्ट्झचा जोरदार सूर दिला तर आवाज फारसा येणार नाही पण कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) आपटू शकते. म्हणून ॲम्पवर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) असेल तर तो ट्यूनिंगच्या थोडा खाली लावाच, आणि फिल्टर नसेल तर पोर्टेडचा विचार सोडून द्या असं मी स्पष्ट सांगेन.

तिसरी किंमत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: पोर्टेड बॉक्स चूक माफ करत नाही. वरच्या पहिल्याच वूफरला सील्डमध्ये ५० ऐवजी ४० लिटर मिळाले तर क्यूटीसी ०.७१ वरून ०.७६ होतो, बहुतेकांना गाडीत फरक कळणारही नाही. पोर्टेडमध्ये तेच १० लिटर कमी पडले की ३४ हर्ट्झचा बॉक्स ३८ ला जातो, आणि हे लगेच कानाला लागतं. त्यामुळे पहिल्यांदाच बॉक्स बनवत असाल, मापांबद्दल खात्री नसेल, किंवा वूफर पुढेमागे बदलायचा विचार असेल तर सील्ड घ्या.

वूफरला काय आवडतं हेही एका भागाकारात कळतं. एफएसला क्यूईएसने (क्यूटीएससारखाच आकडा, पण फक्त मॅग्नेट-कॉइलच्या ब्रेकचा) भागा. ५० च्या आसपास आलं तर वूफर सील्डचा, १०० च्या आसपास तर पोर्टेडचा, मधलं काही आलं तर दोन्हीकडे चालतो. हा ढोबळ नियम आहे, पण सुरुवातीला दिशा दाखवायला पुरतो.

तुमचं ऐकणं सगळ्या प्रकारचं आहे म्हणता, तर माझं मत सील्ड. तबला, ढोलक, बेस गिटार यांच्यात ठोका सुरू होणं जितकं महत्त्वाचं तितकंच तो वेळेवर थांबणंही, आणि तिथे सील्ड बॉक्स फार सुंदर वाजतो.

प्रश्न: पोर्टसाठी १० सेंटीमीटरचा पाइप घेऊ की १५ चा? मोठा चांगला असं ऐकलंय.

मोठा चांगला, पण बसला तर! ५० लिटर निव्वळ आणि ३४ हर्ट्झ धरा. १० सेंटीमीटर आतला व्यास असेल तर पाइप साधारण ३३ सेंटीमीटर लांब लागतो. तेच १५ चा घेतला तर तब्बल ८१ सेंटीमीटर, जो ५० लिटरच्या बॉक्समध्ये सरळ बसणंच शक्य नाही, वळवावा लागेल आणि वळवलात की लांबी मध्यरेषेवरून मोजावी लागेल, शिवाय तो आतले १५ लिटर सहज खाईल म्हणजे बॉक्स परत मोठा. अरुंद पाइपचा तोटा असा की जोरात वाजवलं की हवा फुसफुसते. मध्यम वॅटला १० चा ठीक, दोन्ही टोकं गोलाकार पसरलेली घ्या म्हणजे फुसफुस कमी होते. भरपूर वॅट देणार असाल तर मोठ्या पोर्टसाठी मोठा बॉक्स, नाहीतर सरळ सील्ड.

प्रश्न: डिकीत सामान ठेवावं लागतं, २० लिटरच्या वर जागा देऊच शकत नाही. माझ्या वूफरला कागदावर ५० सांगितलेत. चालेल का?

चालेल, पण काय गमावताय ते कळून घ्या. वरचाच ०.४८ आणि ६० लिटरवाला वूफर २० लिटरमध्ये टाकला तर क्यूटीसी ०.९६ येतो आणि सिस्टिमची फ्रीक्वेन्सी एफएसच्या दुप्पट होते, २८ ची ५६ हर्ट्झ. त्या खाली आवाज दर ऑक्टेव्हला, म्हणजे फ्रीक्वेन्सी निम्मी झाली की दर वेळी, १२ डेसिबलने घसरत जातो.

घरात हे ऐकून तुम्ही नाक मुरडलं असतं. गाडीत मात्र एक गोष्ट आपल्या बाजूने आहे, ती म्हणजे केबिन गेन. बंद केबिन लहान असते आणि आवाजाच्या लाटेची अर्धी लांबी केबिनपेक्षा मोठी झाली की दाब आतल्या आत वाढायला लागतो. ३ मीटर लांब केबिनमध्ये हे साधारण ५७ हर्ट्झपासून सुरू होतं आणि तिथून खाली बेस वाढत जातो, कागदावर दर ऑक्टेव्हला १२ डेसिबलपर्यंत, प्रत्यक्षात कमी कारण काचा आणि पत्रा दाबाने थोडे हलतात, फटीतून हवा जाते. सील्ड बॉक्स जिथे घसरतो जवळपास तिथेच गाडी उचलून धरते. म्हणून लहान सील्ड बॉक्स गाडीत आपल्या अपेक्षेपेक्षा कितीतरी खोल वाजतो. हॅचबॅकमध्ये हा फायदा पूर्ण मिळतो. सेडानमध्ये डिकी आणि केबिनच्या मधे सीट आणि पत्रा येतो, तिथे मागची सीट किंवा आर्मरेस्ट उघडून एकदा ऐका, फरक लगेच कळेल.

अजून थोडं मिळवायचं असेल तर बॉक्समध्ये उशीत भरतात तसला पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरा. दाबली की हवा गरम होते, ती उष्णता कापूस शोषतो आणि वूफरला बॉक्स जरा मोठा भासतो, व्यवहारात १० ते २० टक्के समजा. कोंबून भरू नका, नाहीतर कापूसच जागा खायला लागतो, आणि मॅग्नेटच्या मागचं भोक मोकळं ठेवा.

पण खरं सांगू, जागा २० लिटरचीच असेल आणि वूफर अजून घेतला नसेल तर ०.४० क्यूटीएसच्या आसपासचा, लहान व्हीएएसवाला वूफर घ्या, किंवा चांगला १० इंची. लहान बॉक्स, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्हीपैकी दोनच एका वेळी मिळतात, हे केएलएच या स्पीकर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या अँटन हॉफमन यांचं म्हणणं आजही तसंच लागू आहे. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ हा स्पीकर आणला तोही याच वाटेने गेला, त्यांनी मऊ सस्पेन्शनचा १२ इंची वूफर लहान बंद बॉक्समध्ये घातला आणि आधार हवेचा दिला. बेस खोल गेला, पण ॲम्पला जास्त ताकद लावावी लागली.

प्रश्न: ॲम्प मोठा घेतला तर बॉक्सही मोठा करायला हवा ना?

उलटं आहे. मोठ्या सील्ड बॉक्समध्ये हवेची स्प्रिंग सैल असते, तेवढ्याच वॅटला कोन जास्त बाहेर येतो आणि लवकर आपटतो. लहान बॉक्स कोनला आवरून धरतो, त्यामुळे तिथे जास्त वॅट झेपतात. अर्थात कॉइल किती गरम होते ते बॉक्सवर अवलंबून नाही, वूफरच्या आरएमएसच्या (सतत झेपणाऱ्या वॅटच्या) वर सतत वाजवलंत तर कुठल्याही बॉक्समध्ये जळेल.

प्रश्न: दोन १० इंची वूफर एकाच बॉक्समध्ये बसवतोय, मधे पार्टिशन टाकू का?

दोन्ही अगदी एकाच मॉडेलचे असतील आणि एकाच ॲम्पवर समान चालणार असतील तर आवाजासाठी पार्टिशन लागत नाही, एकाला लागतात त्याच्या दुप्पट लिटर द्या झालं. तरीही मी सील्डमध्ये टाकायला सांगतो. एक वूफर बंद पडला तर पार्टिशन नसलेल्या बॉक्समध्ये दुसऱ्याला अचानक दुप्पट जागा मिळते, शिवाय बंद पडलेल्याचा कोन हवेने उलटा हलत राहतो आणि चांगला वूफरही धोक्यात येतो. पार्टिशनने बॉक्स मजबूतही होतो. त्याची जाडी मात्र लिटरमधून वजा करायला विसरू नका.

डबल कॉइलचे वूफर असतील तर दोन्ही कॉइल जोडाच, सिरीज किंवा पॅरलल कसंही. एक कॉइल तशीच सोडली तर क्यूटीएस बराच वाढतो आणि बॉक्सचा सगळा हिशोब चुकतो.

प्रश्न: बॉक्सचा आकार चौकोनी चांगला की तिरका?

सबवूफरला फरक पडत नाही. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास ७ मीटर असते, तिला तुमच्या बॉक्सचे कोपरे दिसतही नाहीत. जागेत बसेल तो आकार करा, लिटर पक्के ठेवा आणि मॅग्नेटच्या मागे दोन-तीन सेंटीमीटर तरी जागा सोडा.

प्रश्न: तयार सील्ड बॉक्स घेतला, लिटर बरोबर आहेत, तरी जोरात वाजवलं की कुठूनतरी सुस्स आवाज येतो.

हवा गळतेय. सगळं बंद करून कोनवर दोन्ही हातांची बोटं पसरून मधोमध हळू दाबा आणि सोडा. बॉक्स घट्ट असेल तर कोन सावकाश परत येतो, पटकन उसळला तर गळती आहे. मग खालचा एकच सूर हळू आवाजात वाजवत ठेवा आणि ओला हात सगळ्या जोडांवरून फिरवा, हवा लागेल ते ठिकाण. बहुतेक वेळा तारांचं टर्मिनल किंवा वूफरखालची गॅस्केट निघते. टर्मिनल काढून मागे सिलिकॉन लावा, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर ते पूर्ण सुकेपर्यंत, निदान एक दिवस, वूफर परत बसवू नका, त्याची वाफ फोमच्या सराउंडला (कोनच्या कडेच्या लवचीक गोल पट्टीला) चांगली नाही.

आणि सगळं झालं की बॉक्स डिकीत पट्ट्याने किंवा बोल्टने नीट बांधा. वूफरसकट २०-२५ किलो वजन असतं, जोरात ब्रेक लागला तर ते थेट मागच्या सीटवर येतं, आणि मागे कोणीतरी बसलेलं असतं.